भीडांक

व्यवहार मगदूम दिवाणजींच्या फायद्याचाच होता. चौतीस वह्या, प्रत्येकीची दोनशे पानं, पानाला पंचावन्न रुपये: एकूण तीन लाख चौऱ्याहत्तर हजार. मिरजेच्या डॉक्टरांनी दिवाणजींच्या बायकोच्या, त्रिशलाकाकूंच्या, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचे मिळून तीन लाख साठ हजार सांगितले होते. वरचे चौदा हजार म्हणजे रिक्षा, डबा आणि बघायला येणाऱ्यांचा चहा. इतकी घट्ट बसलेली बेरीज दिवाणजींनी चाळीस वर्षं हिशेब लिहूनही पाहिली नव्हती. देवानंच आकडे जुळवून पाठवले, असं त्यांना वाटलं. आकडे जुळवणारा देव पुण्याच्या एका कंपनीत पगारावर होता, हे मागाहून कळलं.

बाळगोंडा मगदूम यांचं वय अडुसष्ट. जयसिंगपूरच्या तंबाखू बाजारात एका अडत दुकानाच्या खतावण्या लिहिण्यात जन्म गेला, म्हणून ते दिवाणजी. पण गाव त्यांना मानायचं ते खतावण्यांमुळे नव्हे. २००६ सालापासून गावातल्या लग्नांत आहेर लिहायला तेच बसत. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर पत्र्याचा डबा, शेजारी माइकवाला. पाहुण्यानं पैसे ठेवायचे, दिवाणजींनी नाव आणि रक्कम लिहायची, माइकवाल्यानं ती अख्ख्या मांडवाला ऐकवायची. वरची प्रत यजमानाची, कार्बनखालची दिवाणजींची. एकतीस वर्षं, आठशे नऊ लग्नं. मोबदला नारळ आणि टॉवेल.

खरी किंमत त्या कार्बनखालच्या प्रतीला होती. नवं लग्न निघालं की लोक सातव्या गल्लीतल्या त्यांच्या कट्ट्यावर येत.

"दिवाणजी, उपाध्यांनी आमच्यात काय केलतं?"

दिवाणजी वही काढत. "पाचशे एक. आणि वहिनींना साडी."

"मग आता हजाराच्या आत जाता येत नाही," असं म्हणून माणूस गुडघ्यावर हात टेकून उठे. घेतलं त्यावर थोडं चढवून परत करायचं, ही रीत. चढवलं नाही तर कोणी काही बोलत नाही. आणि कोणी काही बोलत नाही, हेच माणसाला वर्षभर खात राहतं.

२०३७च्या एप्रिलमध्ये त्या कट्ट्यावर मृण्मयी साने नावाची मुलगी येऊन बसली. पुण्याची, सव्वीस-सत्तावीसची, पान उलटताना बोट जिभेला न लावणारी.

"करायचं काय ह्याचं तुम्हाला?" दिवाणजींनी विचारलं.

"अभ्यास. माणसं परतफेड कशी करतात, त्याचा."

"आहेराची?"

"आहेराचीसुद्धा," ती म्हणाली.

आतून त्रिशलाकाकूंचा आवाज आला. "अहो, चहा तुम्हीच येऊन घेऊन जा. मला उंबरा ओलांडवत नाही."

दिवाणजी चहा घेऊन आले तोवर करार कट्ट्यावर मांडून झाला होता. अकरा पानं: वह्यांचे फोटो कंपनीला, मूळ वह्या दिवाणजींकडेच. पहिली सहा पानं त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेनं वाचली, म्हणजे रक्कम आणि तारीख तेवढी पाहिली. सातव्या कलमाशी पेन अडकलं: 'वह्यांतील सर्व नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत.'

"काही शंका?" मृण्मयीनं विचारलं.

"नाही. शाई उतरत नव्हती," दिवाणजी म्हणाले. शाई झकास उतरत होती. पण ते पुढं येईल.

जूनमध्ये काकूंचा डावा गुडघा झाला, ऑगस्टमध्ये उजवा. दिवाळीच्या आधी त्या जिनमंदिराच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढल्या आणि दिवाणजींनी मनातल्या मनात हिशेबाखाली दुहेरी रेघ मारली. त्याच आठवड्यात गावातले फोन वाजायला लागले.

त्या फोनांमागचं शास्त्र समजून घ्यायला हवं, कारण ते थापांवर उभं नव्हतं. कर्ज बुडवणाऱ्याकडून पैसे निघत नाहीत, हे वसुलीवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. निघतात ते त्याच्या आसपासच्या अशा माणसाकडून, ज्याला नाही म्हणता येत नाही. तो माणूस ओळखायचा कसा, एवढाच प्रश्न होता. मोबाइलवरच्या व्यवहारांत किराणा दिसतो, हप्ते दिसतात, भीड दिसत नाही. आहेरात मात्र भिडेवाचून दुसरं काही नसतंच. तो कोणी कायद्यानं मागू शकत नाही, तरी लोक वर्षानुवर्षं मोजून परत करतात. 'आपुलकी' नावाच्या वसुली कंपनीच्या यंत्रानं प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका धरला आणि प्रत्येक आहेर म्हणजे एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे सुटलेला बाण. बाण किती दिवसांनी उलटा आला, येताना किती जाड होऊन आला, मधे भांडण झालं तरी आला का, हे सगळं मोजून प्रत्येक नावापुढे शून्य ते शंभर असा एक आकडा पडला. कंपनीत त्याला भीडांक म्हणत.

दुसरा भाग आवाजाचा. भिडस्त माणूस नकार देण्याआधी इतरांपेक्षा एक पंचमांश सेकंद जास्त थांबतो आणि वाक्य संपवताना आवाज खाली सोडतो. यंत्र फोनवर तेवढंच ऐकत असे. थांबा लांबला की ते स्वतःचा आवाज आणखी मऊ करी.

इथवर आल्यावर पुढची उडी कोणत्याही व्यापाऱ्याला सुचली असती. भीडांक वसुलीत चालतो, तर कर्ज देतानाच का पाहू नये? 'झटकॅश' नावाचं ॲप पगार नसलेल्या पोरांना भराभर कर्ज देऊ लागलं. पोराला पगार नसेना का, त्याला नव्वदच्या वर भीडांक असलेली चुलती होती. हे पोराला सांगत नव्हते आणि चुलतीला विचारत नव्हते. त्यात तीन वर्षांपूर्वी कायद्यात एक पोटकलम घुसलं होतं: एखाद्याचं वर्तन सातत्यानं आपल्या माणसांची देणी उचलण्याचं असेल आणि त्यानं कर्जापैकी काही रक्कम भरली असेल, तर न्यायालय त्याला जामीनदार मानू शकेल. मानेल असं नव्हे, मानू शकेल. तेवढ्या फटीतून आपुलकीनं एकट्या जयसिंगपुरात एकशे अठरा दावे आत सारले.

आता लोक कट्ट्यावर आहेर विचारायला नव्हे, गाऱ्हाणं सांगायला येऊ लागले. "ती यंत्रातली बाई आमच्या थोरलीच्या लग्नात कुणी काय केलं ते घडाघडा सांगते हो, दिवाणजी. तिला हे सांगितलं कुणी असंल?"

"कोण सांगणार," दिवाणजी म्हणत आणि कट्ट्यावरून उठत. त्यांना बसवेनासं झालं. सकाळी सातव्या गल्लीतून निघायचं, बाराव्यापर्यंत जायचं, कोणी ओळखीचं दिसलं की मधल्या बोळात वळायचं. घरी आलं की काकू म्हणत, "गुडघे माझे केले आणि चालत तुम्ही सुटलाय."

डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांची धाकटी बहीण आली. राजमती चौगुले, अकराव्या गल्लीत चटणी कांडपाचं दुकान चालवणारी. नवरा २००५ साली गेला. मुलीचं लग्न करून दिलं, आणि तेव्हापासून गावाची मिरची कुटून तिनं बँकेत दोन लाख चाळीस हजारांची ठेव केली होती. तिच्या नावावर जगात तेवढंच होतं. तिनं पिशवीतून समन्स काढलं तसे दिवाणजी तीनदा शिंकले.

"आण्णा, हे काय हाय बघ. दोन लाख एकतीस हजार म्हणत्यात. मी कुणाचं काय घेतलं?"

घेतलं होतं सम्मेदनं, तिच्या दिराच्या मुलानं. लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घ्यायला झटकॅशवरून एक लाख ऐंशी हजार. ड्रोन दुसऱ्याच लग्नात विहिरीत पडला आणि सम्मेद बेंगळुरूला गेला, तो फोन बदलूनच.

"मग तुझा काय संबंध?"

"ती फोनवरली बाई विचारपूस करायची. सम्मेद बरा हाय का म्हणून. लई गोड बोलायची बघ. 'राजमतीकाकू, मी आपुलकीतून बोलतेय. पैशाचं मी तुम्हाला काहीच म्हणत नाही हं. तुमच्या पूर्वाच्या लग्नात त्याच्या वडलांनी पाच हजार एक केले होते ना, मोठ्या मनाचा माणूस.' असे अकरा फोन आले. सकाळी आठच्या आधी न्हाई, संध्याकाळी सातच्या नंतर न्हाई."

"आणि बाराव्याला?"

राजमतीनं समन्सची घडी घातली. मग म्हणाली, "पाच हजार घातले. तिनं पाठवलेल्या चौकोनात अंगठा ठेवला. कुणी इतकं चांगलं बोलल्यावर कसं न्हाई म्हणायचं?"

"मला विचारायचं नाही?"

"तुला विचारलं असतं तर तूच भरले असतास."

दिवाणजींनी पाणी मागवलं आणि ते स्वतःच प्यायले.

"तारखेला मी जाणार न्हाई," राजमती म्हणाली. "चौगुल्यांच्या घरातली बाई कोर्टाची पायरी चढली, हे कुणी ऐकायला नको. ठेव मोडून टाकते. मिरची काय, पुढच्या हंगामाला पुन्हा येतीच."

तिला कोर्टात नेलं ते त्रिशलाकाकूंनी; दिवाणजी मागून गेले. कोर्टाच्या आवारात मोफत कायदा मदतीची एक खोली होती आणि तिथं शमा मुजावर नावाच्या वकीलबाई बसत. तिशीच्या, बोलायला तिखट. समोर आलेल्या प्रत्येकाला त्या आधी रागवत, मग बसायला सांगत.

"पैसे का भरले?"

"भिडेखातर," राजमती म्हणाली.

"छान. आता ऐका, काकू. तुम्ही कर्ज घेतलं नाही, जामीन म्हणून सही केली नाही. दुसऱ्याच्या कर्जासाठी नातेवाइकांच्या मागं लागायला वसुलीवाल्यांना परवानगीच नाही. पहिल्याच फोनला म्हणायचं, जे असेल ते लेखी पाठवा, आणि फोन ठेवायचा. 'देते' म्हणायचं नाही, 'बघते' म्हणायचं नाही, अंगठा तर चहाच्या कपालासुद्धा जपून लावायचा."

"आता काय उपयोग?"

"उपयोग आहे. हे समन्स आहे, लग्नपत्रिका नव्हे की नाही गेलं तर चालेल. एकशे अठरा दाव्यांत ब्याण्णव लोक तारखेला आलेच नाहीत. लाज वाटते म्हणे. त्या सगळ्यांवर एकतर्फी हुकूम व्हायच्या वाटेवर आहे. कंपनीचा धंदा यंत्रावर चालत नाही, काकू, तुम्ही घरी बसता त्यावर चालतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा. निम्मं काम तिथंच होतं."

"आणि उरलेलं निम्मं?" त्रिशलाकाकूंनी विचारलं.

वकीलबाईंनी दाव्याला जोडलेला एक तक्ता पुढे सरकवला. "हे. सातत्याचं वर्तन म्हणून जोडलंय. २००६ ते २०३६, शेहेचाळीस लग्नं. तुम्हाला मिळालेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागं तुम्ही तीनशे दहा परत केलेत, काकू. विधवा बाई, मिरची कुटणारी. गावात तुमच्याइतका भीडांक कुणाचा नाही. चौऱ्याण्णव. हे खरं असेल तर न्यायाधीश म्हणू शकतील की ही बाई घराण्याचं ओझं उचलतच आली आहे."

तक्त्याखाली पुरावा म्हणून वहीच्या पानांच्या छायाप्रती होत्या. दिवाणजींनी स्वतःचं अक्षर ओळखलं. 'श्रीमती राजमती चौगुले, पाचशे एक.' ते उठून बाहेर गेले, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि परत आले.

"वह्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "मी विकल्या."

राजमतीनं एकदा वहिनीच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"आणखी एक आहे," दिवाणजी म्हणाले. पण ते त्यांना तिथं सांगवेना.

ते सांगायला दुसऱ्या दिवशी ते अकराव्या गल्लीत गेले. कांडप यंत्र चालू होतं, लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आपटत होती. बाहेर दोन बायका डबे घेऊन बसल्या होत्या.

"बंद कर जरा," दिवाणजी म्हणाले.

"न्हाई. चालू असलेलं बरं. बोल."

मग त्यांना बहिणीच्या कानाशी वाकून, मुसळांच्या ठोक्यांतून, तुकड्या-तुकड्यानं बोलावं लागलं. २००६ साली, नवरा जाऊन वर्ष होत होतं तेव्हा, दिराच्याच घरच्या लग्नात तिनं पाकिटात एक्कावन्न घातले होते. माइकवाला तोंड उघडून तयार. दिवाणजींनी दोनशे एक लिहिलं आणि खिशातले दीडशे डब्यात टाकले. डबा जुळला. पुढच्या लग्नात पुन्हा तसंच. शेहेचाळीस वेळा.

"म्हणजे तो चौऱ्याण्णव तुझा न्हाई, राजमती. माझा हाय. मी कोर्टात तसं सांगतो, तक्ता पडतो."

राजमतीनं हात लांब करून यंत्र बंद केलं. एवढी शांतता त्या दुकानात रविवारीही नसे.

"मला काय माइक ऐकायला येत नव्हता, आण्णा?"

वाकलेले दिवाणजी सरळ झाले.

"पाकिटात मी एक्कावन्न घालायची आणि मांडवात दोनशे एक ऐकायची. बायका वळून बघायच्या. जेवण घशाखाली उतरायचं न्हाई. एकतीस वर्षं." तिनं बाहेरच्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तू बोलला न्हाईस, मी बोलले न्हाई. आता ते तू भर कोर्टात वाचून दाखवणार. ठेव गेली तर जाऊ दे. पण हे वाचू नको. गावात मला त्या आकड्यानं ओळखत्यात."

"ठेव गेल्यावर खाशील काय?"

"तू हाईस की. पुन्हा खिशात हात घालशील."

हे ती टोचायला म्हणाली का खरंच म्हणाली, ते दिवाणजींना ठरवता आलं नाही. तिनं यंत्र पुन्हा चालू केलं, म्हणजे आता जा.

तारखेला दहा दिवस होते. दिवाणजींनी ते पायी काढले. एका बाजूला बहिणीची ठेव. दुसऱ्या बाजूला बहिणीचं नाव, आपलं नाव, आणि कलम सात, म्हणजे नोंद खोटी निघाली तर तीन लाख चौऱ्याहत्तर हजार परत. तक्ता गप्प ठेवून नुसतं 'सही नाही' म्हणून भागतं का, हे विचारायला ते तीनदा वकीलबाईंकडे गेले.

"भागेलही," त्या म्हणाल्या. "न्यायाधीशबाईंचा मूड कसा असेल ते मी कसं सांगू? पण ते ब्याण्णव लोक आहेत ना, दिवाणजी, त्यांच्या दाव्यांना हाच तक्ता जोडलाय. फक्त नावं वेगळी आहेत. तुमची वही पडली तर सगळ्यांचा पडेल."

"आणि माझ्या बहिणीनं नको म्हटलंय."

"मग तिची परवानगी घ्या."

"ती देणार नाही."

"मग तुम्ही ठरवा. माझी फी तशीही शून्य आहे."

तारखेला राजमती आली. जरीच्या काठाची साडी नेसून, लग्नाला आल्यासारखी, आणि मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. गावातली साठ-सत्तर माणसं आली होती. येणार नव्हती, पण दिवाणजी वही घेऊन कोर्टात उभे राहणार म्हटल्यावर कोणाला घरी बसवेना.

दिवाणजींनी शपथ घेतली आणि सांगितलं. वह्या विकल्या ते आधी. मग बाकीचं.

कंपनीचे वकील उठले. "तुम्ही बहिणीला वाचवायला आज ही गोष्ट रचलीत. पुरावा काय?"

"ठिपका," दिवाणजी म्हणाले.

"कसला ठिपका?"

"खतावणीत दिवाणजीनं खोटी नोंद केली, तर तिच्याखाली खूण ठेवायची. मालकाला दिसत नाही, दुसऱ्या दिवाणजीला दिसते. मला तसंच शिकवलंय. खोटं लिहायला हात धजतो, बिनखुणेचं लिहायला धजत नाही. प्रत्येक नोंदीत आडनावाच्या पहिल्या अक्षराखाली बघा."

न्यायाधीशबाईंनी मूळ वह्या मागवल्या. दोन तास पानं उलटली गेली. शेहेचाळीस नोंदी, शेहेचाळीस ठिपके. कंपनीच्या छायाप्रतींत एकही नव्हता. यंत्रानं ते कार्बनचे डाग समजून पुसून टाकले होते.

"म्हणजे बहिणीचं देणं वर्षानुवर्षं तुम्ही उचलत होता," वकील म्हणाले.

"होय."

"मग जामीनदार तुम्हीच झालात."

मागून कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "दावा ह्यांच्यावर नाही. पुढं बोला."

पुढं बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. सही नाही, वर्तनाचा तक्ता अविश्वसनीय, पाच हजार ही सद्भावनेनं दिलेली रक्कम. राजमती चौगुल्यांवरचा दावा फेटाळला. दिवाणजींनी मागच्या बाकाकडे पाहिलं. राजमती केव्हाच उठून गेली होती.

पुढच्या तारखांना ते ब्याण्णव लोकही हजर राहू लागले आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच असे, मूळ वही दाखवा. जुळवणी करायला कंपनीला दिवाणजींचीच साक्ष लागली असती. मार्चअखेर आपुलकीनं उरलेले एकशे सतरा दावे मागे घेतले आणि दिवाणजींना कलम सातची नोटीस पाठवली. ती मुजावर वकीलबाईंनी लोकअदालतीत भांडभांड भांडून नव्वद हजारांवर आणली, महिना अडीच हजार, छत्तीस हप्ते.

गाव त्यांना वाईट बोललं नाही. पण कट्ट्यावर यायचं बंद झालं. लग्नांत टेबलावर आता एक चौकोनी कोड असे. पैसे थेट यजमानाच्या खात्यात, कोणी किती दिले ते कोणाला कळत नसे. लोकांना सुटल्यासारखं वाटलं, आणि आहेराची सरासरी निम्म्यावर आली.

एकदा सकाळी दिवाणजींचा फोन वाजला. दहा वाजले होते.

"मगदूमकाका, मी आपुलकीतून बोलतेय. बऱ्याच दिवसांत विचारपूस झाली नाही." साक्षीनंतर यंत्रानं सगळे आकडे नव्यानं मांडले होते. गावात सर्वांत वर आता बाळगोंडा मगदूम होते, सत्त्याण्णव. "तुमचा तो भाचेजावई बरा आहे ना?"

"मी कुणाचा जामीन नाही," दिवाणजी म्हणाले. "जे असेल ते लेखी पाठवा." आणि ठेवला. ते उठले आणि बाराव्या गल्लीपर्यंत जाऊन आले.

परत येऊन बघतात तर राजमती कट्ट्यावर बसलेली. कोर्टानंतर पहिल्यांदाच. तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेल्या नोटा काढल्या आणि दोघांच्या मधे ठेवल्या.

"तेवीस हजार सहाशे पन्नास. मोजून घे."

"हे कसले?"

"शेहेचाळीस लग्नांतले. तू घातलेले."

"मी कधी बेरीज केली नाही त्याची."

"मी केली. प्रत्येक लग्नावरनं घरी आले की करायची." तिचा आवाज सपाट होता. "ठेवीतनं काढलेत. मोज."

"राजमती, भावाबहिणीत हे कशाला आता?"

"भावाबहिणीत होतं तोवर ठीक होतं. आता ते साऱ्या गावात झालंय. मोज."

दिवाणजी आत गेले, कोर्टातून परत आलेल्या वह्या काढल्या आणि ठिपके शोधत बेरीज केली. तेवीस हजार सहाशे आली. त्यांनी पन्नासची नोट बाजूला काढून तिच्याकडे सरकवली.

"पन्नास जास्त आहेत."

"घेतलं त्यावर चढवून द्यायचं असतं," राजमती म्हणाली. "पोच लिहून दे."

"पोच?"

"पैसे दिले की पोच घ्यायची. तारीख घाल. बाकी काही येणं नाही, असं लिही."

त्यांनी लिहिलं. सुंदर अक्षरात, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. 'बाकी काही येणं नाही' इथं पेन अडकलं. शाई चांगली उतरत होती. तिनं कागद वाचला, आडनावाच्या पहिल्या अक्षराखाली ठिपका आहे का ते उन्हात धरून पाहिलं, घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्रिशलाकाकू चहा घेऊन बाहेर येईपर्यंत ती गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली होती.

एकूण जमाखर्च असा लागला. झटकॅशचे एक लाख ऐंशी हजार बुडाले, त्यातले पाच हजार राजमतीच्या अंगठ्यानं परत आले. कर्ज घेतलेल्या सम्मेदनं एक पैसा भरला नाही. आपुलकीनं वह्यांचे तीन लाख चौऱ्याहत्तर हजार आणि वकिलांची फी भरली आणि नव्वद हजार हप्त्यांनी परत घेतले. दिवाणजींनी ते नव्वद हजार भरले आणि एकतीस वर्षांची बैठक गमावली. एकशे सतरा घरांनी काही भरलं नाही. राहता राहिलं ते शेहेचाळीस लग्नांचं देणं, ज्याला करार नव्हता, साक्षीदार नव्हता, ज्याची मुदत केव्हाच टळून गेली होती आणि ज्याच्यावर कोणत्याही कोर्टात दावा उभा राहिला नसता. ह्या सगळ्या व्यवहारात पूर्ण फिटलेलं कर्ज तेवढं एकच. भरणार, श्रीमती राजमती चौगुले, रुपये तेवीस हजार सहाशे पन्नास.